निळीचा आरसा कोणाच्या हाती?



सणाच्या आदल्या दिवशी घरची बाई धोतर-बंडी धुऊन काढते आणि शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ कालवते. ही नीळ कारखान्यातून पुडीत बांधून येते. परंतु खरी नीळ म्हणजे झाडाच्या पाल्याचा रंग. पाला हौदात कुजवावा, माणसांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तो घुसळावा, तळाशी बसलेला गाळ कढवून, दाबून त्याच्या वड्या पाडाव्या, अशी ती होत असे. आपल्याकडील निराळी व रंगारी मंडळींना हा धंदा पिढीजात ठाऊक होता. त्या रंगाने बंगालच्या कुणब्याचे रक्त कसे शोषले आणि त्यावर लिहिलेल्या एका नाटकाने काय केले व काय केले नाही, हे आज सांगावयाचे आहे. दुसऱ्याच्या दुःखावर पुस्तक लिहिणे हे पुण्याचे काम की फावल्या वेळची करमणूक, असा प्रश्न शाळेत मुलांना वाचावयास शिकवताना मला नेहमी पडतो. त्याचे उत्तर या हकिकतीत सापडते असे मला वाटते.

विलायतेतील गिरण्यांना निळीची भूक फार. ती भागवण्यासाठी बंगालात गोऱ्या मळेवाल्यांनी गावोगाव कोठ्या घातल्या. कोठीचा गुमास्ता रयतेच्या हाती बिघ्यामागे दोन रुपये उचल ठेवी आणि कागदावर अंगठा घेई. जमीन रयतेची, नांगर रयतेचा, राबणूक रयतेची. पण पेरायचे काय, हे साहेबाने ठरवावे. भाताची उत्तम जमीन निळीखाली जाई. पाला कोठीवर नेला की पेंढ्यांचे माप कोठीचे, भाव कोठीचा. त्यातून बियाण्याचे, गाडीभाड्याचे, एवढेच काय, ज्या मुद्रांकाच्या कागदावर अंगठा घेतला त्याचेही पैसे कापून घेत. शेवटी हिशेबात रयतेच्या नावे बाकी राहावयाचीच. बाप मेला म्हणजे ती बाकी मुलाच्या डोक्यावर बसे. नाही म्हणणाऱ्यास कोठीचे लाठीवाले धरून नेत व गुदामात कोंडीत. ऊसतोडीच्या वा वीटभट्टीच्या उचलीचा जाच ज्या घराने सोसला, त्या घराला हे अधिक फोड करून सांगणे नको.

सन १८५९ मध्ये नदिया आणि जेसोर या भागांतील रयतेने नीळ पेरण्याचे साफ नाकारले. चौगाछा गावचे दिगंबर विश्वास व विष्णुचरण विश्वास या दोघांनी कोठीची चाकरी सोडून रयतेची बाजू धरली. हिंदू आणि मुसलमान कुणबी एकत्र झाले. कोठीचे लाठीवाले गावात शिरले तेव्हा पुरुषांनी काठ्या, भाले, गोफणी उचलल्या, आणि बायकांनी हाती लागले ते, तवा म्हणू नका, मडके म्हणू नका, घेऊन त्यांना पिटाळले. १८६० साली सरकारने कायदा करून करार मोडणाऱ्या रयतेस तुरुंगात घातले. तरी रयत वाकली नाही. अखेर त्याच वर्षी सरकारला चौकशी कमिशन नेमावे लागले. डब्ल्यू. एस. सेटनकर हे त्याचे अध्यक्ष होते.

या कमिशनपुढे १३४ जणांच्या जबान्या झाल्या. त्यांत मळेवाले होते, जमीनदार होते, सरकारी अंमलदार होते, पाद्री होते. आणि ७७ रयत होते. सत्त्याहत्तर! ज्यांना अक्षर येत नव्हते असे कुणबी गोऱ्या साहेबांसमोर उभे राहून बोलले. ५ जून १८६० रोजी चांदपूरच्या हाजी मुल्ला नावाच्या रयतेस साहेबांनी विचारले की, भाव वाढवून दिला, पेंढीला रुपया दिला, तर तरी नीळ पेरशील का? त्याने सांगितले की, कोणत्याही अटीवर नाही. नीळ पेरण्यापेक्षा मी मुलूख सोडीन, भीक मागेन. बंधूंनो, हे बोल कोणा कवीचे नव्हेत. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि ज्याला कळते तो असेच दोन शब्दांत बोलतो.

त्याच वर्षी डाक्का शहरी ‘नीलदर्पण’ नावाचे नाटक छापून निघाले. लिहिणाराचे नाव नव्हते. आपण एक वाटसरू आहो, इतकेच त्याने सांगितले होते. हा वाटसरू म्हणजे दीनबंधू मित्र, टपाल खात्यातील अंमलदार. जन्म १८३० चा, गरीब घरचा. लहानपणी दुसऱ्याच्या घरी कामे करून शिकलेला. टपालाच्या कामाने गावोगाव फिरताना त्याने कोठ्यांचा जुलूम डोळ्यांनी पाहिला. सरकारची भाकरी खात असताना असे नाटक लिहिणे म्हणजे निखारा पदरात बांधणे होते. त्याने तो बांधला. याबद्दल त्या गृहस्थास आपण मानाचा मुजरा केला पाहिजे.

पुढली हकिकत तर नाटकाहून नाटकी आहे. रेव्हरंड जेम्स लाँग या पाद्र्याने त्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली छापवून घेतले आणि प्रस्तावना लिहिली. ते भाषांतर मायकेल मधुसूदन दत्त यांनी केले असे मानतात. मळेवाले चवताळले. लाँगसाहेबावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. जुलै १८६१ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कोर्टाने त्यास एक महिन्याची कैद आणि १००० रुपये दंड ठोठावला. कालीप्रसन्न सिंह या तरुण गृहस्थाने दंडाची रक्कम जागच्या जागी भरली. छापणाऱ्यास १० रुपये दंड झाला. सेटनकर यांनी भाषांतराच्या प्रती सरकारी टपालाने वाटवल्या होत्या. त्यांनाही आपली जागा सोडावी लागली. पुढे ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात नॅशनल थिएटर नावाच्या मंडळीने तिकीट लावून पहिला खेळ केला तो याच नाटकाचा. एका नाटकाने सत्तेला इतके दचकवावे हा लेखणीचा मोठाच पराक्रम होय.

असो. इतकी स्तुती केल्यावर आता आरशात डोकावून पाहू. आरसा निळीचा खरा. पण त्यात तोंड कोणाचे दिसते?

नाटकात मध्यभागी आहे ते बसूंचे सधन घराणे. गोलोक बसू हा घरधनी खोट्या खटल्यात तुरुंगात जातो व गळफास घेतो. त्याचा थोरला मुलगा नवीनमाधव साहेबाच्या माराने मरतो. आई वेडी होते. हे सारे हृदय पिळवटून टाकणारे आहे, यात वाद नाही. पण ज्या रयतेने बंड केले ती रयत या नाटकात कडेला उभी आहे. क्षेत्रमणी नावाची कुणब्याची गरोदर लेक साहेबाच्या जुलमाने मरते, ती आपल्याला रडवण्यापुरती येते. तोराप नावाचा मुसलमान रयत मोठा धाडसी दाखवला आहे. साहेबाला धरतो, झोडपतो. परंतु त्याची बहादुरी कशासाठी? थोरल्या बाबूंचे मीठ खाल्ले म्हणून! स्वतःच्या शेतासाठी, स्वतःच्या लेकरांच्या भातासाठी तो उठला असे नाटककाराला सुचले नाही. भली माणसे ग्रंथातली भाषा बोलतात. रयत गावंढळ बोलते आणि त्या बोलण्याला प्रेक्षक हसतात. प्रस्तावनेत तर भरवसा ठेवला आहे तो राणी व्हिक्टोरियाच्या दयेवर. गोफण मारणारा गाव, तवा घेऊन धावणारी बाई, आणि ‘भीक मागेन पण पेरणार नाही’ म्हणणारा हाजी मुल्ला या आरशात सापडत नाहीत. इतिहासकार रणजित गुहा यांनी १९७४ साली या नाटकावर लिहिताना हेच दोष उघड केले आहेत.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही उगीच खोड काढता; बिचाऱ्याने कळकळीने लिहिले. कळकळ मला मान्य आहे. पण पुढे काय झाले ते ऐका.

१८७३ साली मीर मुशर्रफ हुसेन या लेखकाने ‘जमीदार दर्पण’ नावाचे दुसरे नाटक लिहिले. आरसा तोच; मात्र तो आता गोऱ्या साहेबाकडून वळवून देशी जमीनदाराच्या तोंडासमोर धरला. लेखक स्वतः जमीनदार घराण्यातला होता. त्याच वर्षी पाबना जिल्ह्यात रयत जमीनदारांविरुद्ध उठली होती. तेव्हा बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी आपल्या ‘बंगदर्शन’ मासिकात या नाटकाची तारीफ केली, आणि त्याबरोबरच सल्ला दिला की, रयत आधीच खवळलेली आहे, तरी या पुस्तकाचा प्रसार थांबवावा. पाहा, बंधूंनो! साहेबाच्या जुलमाचे नाटक टाळ्या घेते. आपल्याच वाड्यातील जुलमाचे नाटक चांगले असूनही पेटीत ठेवावे! बंकिमबाबू काही मूर्ख वा निर्दय नव्हते. बंगालच्या शेतकऱ्याच्या दैन्यावर त्यांनी स्वतः लिहिले आहे. पण आरसा घराकडे वळला की भल्याभल्यांचा हात थरथरतो.

हे बंगालचे झाले. आपण तरी काय केले? जोतीराव फुले यांनी १८५५ साली, म्हणजे ‘नीलदर्पण’च्या पाच वर्षे आधी, ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. त्यात कुणबी व त्याची गरोदर बायको मध्यभागी आहेत, आणि जोशीबुवा त्यांना ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो ते दाखवले आहे. ते नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, ते तिने नाकारले. जोतीरावांच्या हयातीत ते छापले गेले नाही. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात आली आणि पुढली छापावयास त्या पत्राचाही धीर झाला नाही. जोतीरावांनी याबद्दल खेद आणि संताप लिहून ठेवला आहे. म्हणजे कमिटीवरील ब्राह्मणांनाच तेवढी बोटे मोडून भागत नाही. आपल्याच माणसाने, आपल्याच पत्रात, आपल्याच दुःखाचे लिहिलेले आपण अर्ध्यावर थांबवले. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण आपल्यालाही लागू आहे.

आणि आता माझा स्वतःचा अपराध सांगतो. दुसऱ्याचे माप काढणाऱ्याने आपले माप लपवू नये.

आमच्या शाळेत मी वरच्या वर्गाला ‘घरात ऐकलेली जुनी गोष्ट’ हा निबंध घातला होता. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली, आणि गावोगाव कुणब्यांनी कर्जाची खते हिसकून जाळली. त्या मुलखातून उठून आलेल्या एका घराण्यातला एक मुलगा वर्गात आहे. म्हातारीकडून म्हातारीकडे चालत आलेली गोष्ट त्याने लिहून आणली. ‘आमच्या म्हाताऱ्यानं खताचं भेंडोळं बखोटीतनं काढलं आन् चुलीत घातलं. मग म्हातारी म्हनली, आज भाकरीला वास न्हाय.’ एवढीच गोष्ट. मी लाल शाई घेतली. शुद्धलेखन सुधारले, भाषा सुधारली, आणि वर लिहिले, ‘माझ्या पूर्वजांनी कर्जरोखे अग्नीस समर्पण केले.’ वही परत घेताना मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या म्हाताऱ्यानं समर्पन न्हाय केलं. जाळलं.’

त्या रात्री मला झोप आली नाही. ट्रेनिंग कॉलेजात मला शिकवले होते की, मुलाची भाषा संस्कारित करावी. मी संस्कार केला आणि त्याचा म्हातारा मारून टाकला. भाकरीला वास नाही, हे वाक्य तर मी पुरते खोडले होते, कारण मला ते कळलेच नव्हते. मग मुलाच्या आजीस विचारले. ती म्हणाली, ‘गुरुजी, कर्जाच्या दान्याच्या भाकरीला सावकाराच्या पेवाचा वास यायचा म्हनं.’ अशी ओळ माझ्यासारख्याने जन्मभर लेखणी झिजवली तरी सुचावयाची नाही. आणि ती मी लाल शाईने मारली. दीनबंधू मित्रांच्या नाटकातील रयतेला हसणारे बाबू आणि मी, यांत फरक तो काय राहिला?

तेव्हा या प्रकरणी माझे मत मी स्पष्ट लिहितो. गरिबाच्या दुःखावर दुसऱ्याने लिहूच नये असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर लाँगसाहेबाचा तुरुंग फुकट गेला असे होईल. लिहिणाराची जात किंवा कातडी पाहून पुस्तक फेकणे हा निव्वळ दुसऱ्या बाजूचा सोवळेपणा झाला. परंतु असे पुस्तक हाती आले की कुणब्याने व कारागिराने त्याला तीन प्रश्न विचारावे. पहिला, ज्याचे दुःख आहे तो यात बोलतो का, की नुसता रडतो? दुसरा, त्याने जो झगडा केला तो यात आहे का, की कोणा धन्याच्या कृपेने तो सुटला असे दाखवले आहे? तिसरा, लिहिणाराने आरसा दूरच्या जुलम्याकडेच धरला आहे, की आपल्या दारच्या जुलम्याकडेही वळवला आहे? तिन्ही प्रश्नांना जे उतरेल ते पुस्तक डोक्यावर घ्यावे. एखाद्यालाच उतरेल त्याचे आभार मानावे, आणि राहिलेले आपण लिहावे.

कारण नुसत्या दुसऱ्याच्या कळकळीने नीळ उपटली गेली नाही. बंगालच्या रयतेने नाकारली तेव्हा ती बंगालातून उठली आणि बिहारात जोमाने पसरली. चंपारण्यात वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती, तिला तीनकठिया म्हणत. १८९७ साली जर्मनीची रासायनिक नीळ बाजारात येऊन पाल्याच्या निळीचे भाव पडले, तरी मळेवाल्यांनी तो तोटा रयतेच्याच माथी मारला. ‘नीलदर्पण’ छापून पन्नासावर वर्षे लोटली होती. ते वाचून रडलेले लोक पुष्कळ होते. पण चंपारण्याची सक्ती चालूच होती. राजकुमार शुक्ल नावाचा तिथला शेतकरी १९१६ साली लखनौच्या काँग्रेसला गेला आणि गांधीजींच्या मागे लागून त्यांना चंपारण्यात घेऊन आला. १९१७ साली तेथे काय केले? हजारो रयतेच्या जबान्या एकेक करून लिहून घेतल्या. त्या जबान्यांच्या जोरावर चौकशी झाली आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली. बंगालचे ७७ आणि चंपारण्याचे हजारो, यांनी आपल्या तोंडाने सांगितले म्हणून सरकारला ऐकावे लागले. नाटकाने लोकांचे डोळे ओले केले. जबानीने कायदा बदलला. दोन्ही लागतात, पण आधी जबानी.

म्हणून माझे सांगणे असे. घरातील म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना बोलते करा. दुष्काळात कोण कोठे गेले, कोणाची जमीन कोणत्या कागदाने गेली, कोणत्या बाजारात विणकराचे लुगडे कोणी निम्म्या भावाने उचलले, कोणत्या बाईने काय जवाब दिला, हे त्यांच्याच शब्दांत मुलांकडून लिहून घ्या. वही स्वस्तातली असो की महागाची, तिच्यात सत्य मावते. जुन्या पेटीत खत, पावती, कबुलायत असेल तर ती उदबत्तीच्या राखेत ठेवू नका. साक्ष म्हणून जपा. सावकार आपल्या भावकीतला निघाला, मुकादम आपल्याच जातीचा निघाला, तरी ते पान फाडू नका. तेथेच आरशाची खरी पारख आहे. आणि आम्हा मास्तर मंडळींना सांगणे एवढेच की, ऱ्हस्व-दीर्घ जरूर सुधारावे. पण ‘जाळलं’ तेथे ‘समर्पण’ लिहू नये.

मी त्या मुलाची वही परत मागवली. लाल शाई पुसता येत नाही. तेव्हा मी माझ्या वाक्यावर आडवी रेघ मारली, आणि खाली त्याच्याच हातून त्याचे वाक्य पुन्हा लिहून घेतले. मग त्याला सांगितले की, आता वर्गात मोठ्याने वाच. तो वाचू लागला. भाकरीचे वाक्य आले तेव्हा एकही मूल हसले नाही.